शून्य किलोमीटर

पहाटे साडेपाचला निघालो आणि सहाला अडकलो. फायूमच्या रस्त्यावर टोलनाक्यापुढे पांढरी भिंतच उभी होती. धुकं. इजिप्तमध्ये धुकं पडतं म्हटलं की देवगडची माणसं मला वेड्यात काढतात. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथले रस्ते खरोखर पुसले जातात. त्याला इथं 'शब्बूरा' म्हणतात. तो दाट असला की पोलीस वाळवंटातले रस्ते सरळ बंद करतात. मग ऊन वर येईपर्यंत बसा. आमच्या मागेपुढे रिकामे ट्रक आणि मायक्रोबस होत्या, आणि एक पोरगा किटली घेऊन रांगेतून चहा विकत फिरत होता.

आई पुढच्या सीटवर होती, मागे बसलं की तिला गाडी लागते. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ती रस्त्याकडेच्या पाटीकडे बघत होती.

"फायूम किती लांब लिवलाहा? दोन शून्यां कसली गो ती? मगे पोचलंवच मा?"

मला हसू आलं. पाटीवर पंचावन्न लिहिलं होतं. अरबीतला पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो, आणि त्यांचा शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. काहिराला आले तेव्हा मीही पाच नंबरच्या इमारतीसमोर उभी राहून पाच नंबर शोधत होते. आम्ही का हसतोय ते उस्ताने विचारलं. इथं चालकाला, सुताराला, प्लंबरला 'उस्ता' म्हणून हाक मारतात, आपला उस्ताद तोच हा. मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, तर तो आईकडे वळून म्हणाला, "पण हे आकडे तुमचेच आहेत, हाग्गा!" आणि ते खरं आहे. ज्यांना आपण अरबी आकडे समजतो, त्यांना अरबीत 'अर्काम हिंदिया' म्हणतात, म्हणजे हिंदी आकडे.

आईला आकड्यांपेक्षा 'हाग्गा' आवडलं. वयस्कर बाईला मानानं मारायची ती हाक, मूळ अर्थ हजला जाऊन आलेली. पंढरीची वारीही न घडलेल्या बाईला इजिप्तने परस्पर हज घडवून आणलं. मी काही तो अर्थ तिला सांगितला नाही.

चार वर्षं आम्ही काहिराच्या मादी भागात राहतोय. नवरा इंजिनिअर, म्हणून तो दारवानापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांचा 'बाशमुहंदिस'. या चार वर्षांत भारतातून पाहुणे बरेच आले, आणि प्रत्येकाचा कार्यक्रम ठरलेला: गिझाचे पिरॅमिड, म्युझियम, खान अल-खलीलीत खरेदी, मग विमानाने लक्सर. पिरॅमिड बघू नयेत असं कोण म्हणेल? पण तिथं उंटवाल्यांशी आणि फोटोवाल्यांशी हुज्जत घालण्यात निम्मा दिवस जातो, आणि दगडाकडे नीट बघायचं राहून जातं. माझ्याकडे एकच मोकळा दिवस असेल, तर मी पाहुण्यांना फायूमला नेते. काहिराहून नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटर. शुक्रवारी सुट्टी असते, शहर दुपारच्या नमाजापर्यंत झोपलेलं असतं, आणि संध्याकाळी परत घरी.

एका दिवसाच्या अशा फिरण्याला इथं 'रेहला' म्हणतात. 'सहल' हा शब्दही यांच्याकडे आहे, पण त्याचा अर्थ 'सोपं'. कोणतंही काम सांगा, उस्ता आधी म्हणतो "सह्ल!" आणि मग ते चार तास चालतं.

शब्बूरा साडेसातला उठला.

फायूमला बरेच लोक मरूद्यान म्हणतात. खरं म्हणजे ती वाळवंटातली एक मोठी खोलगट थाळी आहे, नाइलपासून बाजूला पडलेली. 'बहर युसूफ' नावाचा नाइलचा फाटा एका फटीतून आत शिरतो, कालव्यांमध्ये वाटला जातो आणि उतारावरून वायव्येकडच्या कारून तलावात जाऊन संपतो. तलाव समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४५ मीटर खाली आहे. हा उतार फायूमची खरी कमाई. नाइलकाठची जमीन सपाट, म्हणून तिथं पाणी उपसायला रहाटाला बैल किंवा रेडा जुंपावा लागे. फायूममध्ये वाहतं पाणीच रहाट फिरवतं आणि त्याच रहाटाने स्वतःला वर उचलून घेतं. फायूम शहराच्या मधोमध असे चार काळेभोर लाकडी रहाट आजही फिरतात, आणि त्यांचा कण्हल्यासारखा आवाज गाडीच्या हॉर्नमधूनही ऐकू येतो. आज तिकडे वळायला वेळ नव्हता, धुक्याने दीड तास खाल्ला होता.

थाळीच्या काठावर, रस्त्यालगतच, कोम ओशीम लागतं. जुन्या कारानिस गावाचे हे अवशेष. मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ या काळात इथं उत्खनन केलं. सापडलं काय, तर राजाचं सोनं नव्हे. घरं, टोपल्या, खेळणी, आणि पपायरसवरचे कागद: कराच्या याद्या, कर्जखती, घरगुती पत्रं. पाऊस नाही, ओल नाही, म्हणून फायूमच्या गावागावांतून रोमन काळातल्या साध्या माणसांचं अक्षर टिकून राहिलं. मी आईला त्यातल्या एका पत्राची गोष्ट सांगितली. ते कारानिसचं नाही, फायूमच्याच पूर्वेकडच्या फिलाडेल्फिया गावचं. आता ते बर्लिनला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अपियॉन नावाचा मुलगा रोमन आरमारात भरती झाला आणि इटलीतल्या मिसेनुम बंदरावर पोचल्यावर त्याने बापाला लिहिलं: समुद्रात संकट आलं होतं, देवाने वाचवलं. वाटखर्चाला तीन सोन्याची नाणी मिळाली. तुमची खुशाली कळवा. तुम्ही मला शिकवलंत, म्हणून मला बढतीची आशा आहे. सोबत माझं चित्र पाठवतोय. आणि हो, माझं नाव आता अँटोनियस मॅक्सिमस.

आई बराच वेळ गप्प होती. तिचे वडील बोटीवर खलाशी होते. फोटो स्टुडिओत काढून, मागे तारीख घालून, ते मुंबईहून घरी पाठवायचे. तो फोटो अजून आमच्या माजघरात आहे.

"पोरग्यान नाव कित्याक बदललान?" एवढंच तिने विचारलं.

कारून तलाव दिसला तेव्हा नऊ वाजून गेले होते. या नावाचा कारून म्हणजे तोच, ज्याचा खजिना हिंदी सिनेमाच्या संवादांत ऐकलेला असतो. धनाच्या गर्वापायी जमिनीने त्याला गिळलं, आणि तो खजिना याच पाण्याखाली आहे असं इथली माणसं सांगतात. प्राचीन काळी इथंच याहून कितीतरी मोठं, गोड्या पाण्याचं 'मोएरिस' सरोवर होतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस इकडे आला, तेव्हा ते माणसांनी खणलंय असंच त्याला वाटलं. आता उरलंय ते पाणी खारट. आत येणारं पाणी आहे, बाहेर जायला वाट नाही. शेतं धुऊन आलेलं पाणी इथं येऊन थांबतं, ऊन ते उडवून नेतं, मीठ मागे राहतं. काकवी आटवावी तसं हे शतकानुशतकं चाललंय. नाइलचे मासे या पाण्यात टिकेनात, तेव्हा समुद्रातले मासे आणून सोडले. अलीकडे माशांना लागणाऱ्या एका किड्याने त्यांचीही दशा केली आणि मासेमारी बसली.

तरीही रस्त्याकडेला एक बाई पाटीत थोडे मासे घेऊन बसली होती. आईने गाडी थांबवायला लावली. देवगडच्या बाईला मासळी दिसली आणि ती तशीच पुढे गेली, हे होणे नाही. पाटीत बोय होती. बोयीला इथं 'बुरी' म्हणतात. आणि चारपाच लेपे.

"लेपो!" आई म्हणाली.

"समक मूसा," ती बाई म्हणाली. मूसाचा मासा. मूसाने काठी मारून समुद्र दुभंगला तेव्हा मधे सापडलेला मासाही उभा चिरला गेला, म्हणून तो अजून एका बाजूने चपटा आहे. मी आईला भाषांतर करून सांगितलं. तिला ते लगेच पटलं. लेप्याला दोन्ही डोळे एकाच बाजूला का, याचं कारण तिला पंचाहत्तर वर्षांत कुणी दिलं नव्हतं. दोघींनी एकमेकींच्या हातातल्या बांगड्या पाहिल्या. मासे घेतले नाहीत, दिवसभर गाडीत ठेवणार कुठे?

नाश्ता ट्युनिस गावात. तलावाच्या वरच्या अंगाला मातीच्या घुमटांची घरं असलेलं हे लहानसं खेडं. एव्हलिन पोरे ही स्विस कुंभारीण इथं येऊन राहिली. १९९०मध्ये तिने गावातल्या मुलांना चाकावर बसवायची शाळा काढली. २०२१मध्ये ती वारली, पण तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलामुलींच्या कार्यशाळा आता गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्या ताटल्यांवर खजुराची झाडं, गाढवं, मासे आणि लांब पायांचे पक्षी असतात, सगळे किंचित वाकडे. मला ते वाकडेपण आवडतं, आईला नाही. तिने एक ताटली उलटी करून टिचकी मारली, आवाज ऐकला आणि "भाजलीहा बरी" असा दाखला दिला.

एका घराच्या अंगणात फितीर खाल्लं. मैद्याची पारी हवेत फिरवून कागदासारखी पातळ करायची, तूप लावून घडीवर घडी घालायची आणि भट्टीत फुलवायची. सोबत मुरवलेलं खारट चीज आणि 'असल इस्वेद'. शब्दशः काळा मध, चाखून बघितला तर उसाची काकवी! आईने काकवीची वाटी जवळ ओढली आणि चीजची माझ्याकडे ढकलली.

तिथून पुढे वादी अल-रय्यान. इथं दोन निळेशार तलाव आहेत आणि मधे वाळूत कोसळणारा छोटा धबधबा. शुक्रवारी इथं काहिराच्या कॉलेजांच्या बसेस, गाणी, होड्या, भाजलेली कणसं, सगळी जत्रा असते. फोटो सुंदर येतात. पण हे पाणी आलं कुठून ते कुणी विचारत नाही. कारून तलाव शेतांच्या निचऱ्याने वर चढू लागला, आजूबाजूची शेतं बुडायला लागली, म्हणून १९७०च्या दशकात जास्तीचं पाणी कालव्याने आणि बोगद्याने इकडच्या कोरड्या खळग्यात सोडलं. त्यातून हे तलाव झाले.

"म्हणजे शेताचा सांडपाणी," आई म्हणाली, आणि पाय भिजवायला गेलेली ती तिथूनच मागे फिरली.

खरा दिवस त्याच्या पुढे सुरू होतो. वादी अल-हितान. 'हूत' म्हणजे देवमासा, 'हितान' त्याचं अनेकवचन. समुद्र इथून दोनशेच्या आसपास किलोमीटर दूर, तरी देवमाशांची दरी. गाडी दाराशी ठेवावी लागते. पुढे दगडांनी आखलेली पायवाट, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना, कुंपणाशिवाय, काचेशिवाय, ते जिथं मेले तिथंच, देवमासे पडलेले आहेत.

पहिला सांगाडा दिसला तेव्हा तो आईला दिसलाच नाही. ती वाळूवरून नजर फिरवत राहिली. मी बोट दाखवलं: जात्याच्या तळीएवढा एकेक गोल दगड, एकामागे एक, ओळीने, किंचित वळण घेत. दगड नव्हेत ते, मणके. मणक्यांच्या रांगेशेजारी फासळ्या, पुढे जबड्याचा तुकडा. एवढं ओळखलं की मग डोळ्यांना सवय होते आणि सगळीकडे हाडंच दिसायला लागतात.

सुमारे ३ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी इथं टेथिस समुद्राचा उथळ किनारा होता. मेलेले देवमासे तळाच्या गाळात रुतले, हाडांचे दगड झाले, समुद्र उत्तरेकडे हटत गेला. आता वारा मऊ वालुकाश्म रोज थोडा थोडा झाडून नेतो आणि कठीण हाडं उघडी पडतात. १९०२-०३च्या सुमारास ह्यू बीडनेल या ब्रिटिश भूगर्भतज्ज्ञाला ती पहिल्यांदा दिसली. इथल्या सगळ्यात मोठ्या प्राण्याचं नाव बॅसिलोसॉरस आयसिस. बॅसिलोसॉरस म्हणजे राजसरडा. १८३४मध्ये अमेरिकेत त्याच्या जातभाईच्या हाडांवरून हे नाव ठेवलं, तेव्हा शास्त्रज्ञांना तो सरपटणारा प्राणी वाटला. पुढे चूक कळली, पण नाव तेच राहिलं. लांबी १५ ते १८ मीटर, अंग सापासारखं. दुसरा त्याच्याहून लहान, पाचेक मीटरचा डोरुडॉन. त्याच्या पिल्लांच्या कवट्यांवर बॅसिलोसॉरसच्या दातांच्या खुणा सापडल्या आहेत.

पण ही दरी जगाला माहीत झाली ती पायांमुळे. १९९०मध्ये फिलिप गिंगरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की या अजस्र देवमाशाला मागचे पाय होते. जेमतेम हातभर, पण गुडघा, घोटा, बोटं, सगळं जागच्या जागी. त्यावर उभं राहणं शक्यच नव्हतं. जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजांची तेवढीच खूण अंगाला चिकटून राहिली होती. २००५मध्ये युनेस्कोने दरी जागतिक वारशाच्या यादीत घेतली. २०१६मध्ये वाळूच्या रंगाचं घुमटाकार संग्रहालय उभं राहिलं. त्यात अठरा मीटरचा अख्खा सांगाडा आहे. पूर्वी इथं शोध लावायला सगळे बाहेरून यायचे. आता मन्सूरा विद्यापीठातले इजिप्शियन संशोधक स्वतः नव्या जाती शोधतात. २०२३मध्ये त्यांनी अडीच मीटरच्या एका छोट्या देवमाशाला तूतनखामेनवरून नाव दिलं: टुटसीटस.

संग्रहालयात मी आईला कच्छबद्दल सांगितलं. देवमाशांचे सगळ्यात जुने, चार पायांचे पूर्वज आपल्याच उपखंडातले: पाकिस्तानातला पाकिसीटस साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीचा. कच्छमध्ये पाणमांजरासारखा पोहणारा कच्छिसीटस मिळाला. आणि काश्मीरमध्ये त्यांचा जवळचा नातलग इंडोहायस, हरणासारखा, मांजरापेक्षा फार मोठा नसलेला. म्हणजे ही मंडळी टेथिसच्या आपल्या बाजूला पाण्यात उतरली, आणि इथं पोचेपर्यंत त्यांचे पाय हातभर राहिले.

"आपल्याकडसून हयसर येवक किती वर्सां लागली?"

"एखाद कोटी."

"तुका साडेपाच तास," आई म्हणाली.

बाहेर वाटेवर परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. एका उतारावर ती अचानक थांबली. खाली वाळूतून बोटाएवढे, करड्या-तांबूस रंगाचे, दगडी खुंट वर आलेले, एकेका चौरस हातात दहावीस. मी चार वेळा इथून गेले होते, वाटलं होतं की कसल्या तरी प्राण्याच्या नळ्या असतील.

"ह्या तर तिवराचा रान!"

तिवराची श्वासमुळं. आमच्या खाडीत ओहोटीला चिखलातून अशीच वर येतात, त्यांच्यातून पाय टाकत आम्ही कालवं काढायला जायचो. पायवाटेवरची पाटी वाचली. आई बरोबर होती: जीवाश्म झालेलं खारफुटीचं रान. माझ्याकडे युनेस्को होतं, गिंगरिच होते, टेथिस होता, पण किनारा पहिल्यांदा तिला दिसला. चिखल इथवर, पाणी तिथवर, भरती या अंगाने येत असणार, ती हातवारे करून सांगत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे वाळू हळूहळू ओली होत होती.

वाळूत चवलीएवढ्या चपट्या चकत्याही पसरलेल्या असतात, त्या न्यूम्युलाइट नावाच्या एकपेशी समुद्रजीवांची कवचं. गिझाच्या पिरॅमिडचे दगड त्यांनी भरलेले आहेत. तिथं मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर दगड झाली, असं लोक सांगतात म्हणून स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आईने एक चकती उचलली, निरखली आणि परत ठेवली. इथून काही नेता येत नाही, आणि तशी पाटी नसती तरी मी नेऊ दिलं नसतं.

सूर्य बुडायच्या आत दरी सोडावी लागते. येणाऱ्यांना एवढंच सांगते: पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या, आणि ट्युनिसमधल्या खरेदीत रमू नका, नाहीतर हितानला अंधार होतो. पासपोर्ट हाताशी असू द्या, वाटेत नाके आहेत. उन्हाळ्यात येऊच नका.

परतीला आई झोपली असेल असं वाटलं होतं. फोनवर मावशीशी बोलत होती. "देवमाशाक पाय होते गो. खरेच. बगलंय मी." पलीकडून मावशी काहीतरी म्हणाली. "नाय गो, मेलेलो. कधीच मेलेलो."

फोन ठेवून ती पुढच्या काचेतून बघत बसली. अंधारात गाडीच्या दिव्यांत एक निळी पाटी उजळली, अल-काहिरा आणि खाली आकडा.

"पन्नास," आई म्हणाली. थोड्या वेळाने पुढच्या ट्रकची नंबरप्लेटही वाचून दाखवली. उस्ताने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला.